नाकेबंदीची किंमत

(सेनापती बापट यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ पारनेर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१८ मे १९५५ रोजी गोव्याच्या हद्दीत शिरलेल्या सत्याग्रहींच्या तुकडीत नानासाहेब गोरे होते आणि त्यांच्या सोबतीला तुमच्या याच गावात जन्मलेले पांडुरंग महादेव बापट होते. सेनापतींचे तेव्हा पंचाहत्तरावे वर्ष चालू होते. मुळशी धरणाविरुद्धचा त्यांचा लढा तीस वर्षे मागे पडला होता, देश स्वतंत्र होऊन आठ वर्षे होत आली होती. या वयात माणसाने घरी बसून आठवणी सांगाव्यात अशी जगाची अपेक्षा असते. सेनापती लाठ्या खायला निघाले. नानासाहेबांना पुढे पोर्तुगीज न्यायालयाने दहा वर्षांची सजा फर्मावली. आणि १५ ऑगस्टला हजारो निःशस्त्र सत्याग्रही हद्द ओलांडू लागले तेव्हा पोर्तुगीजांनी सरळ गोळ्या घातल्या. वीसहून अधिक माणसे त्या एका दिवसात मेली.

सत्याग्रहींनी काय केले, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मला आज त्यांच्या मागे उभ्या असलेल्या सरकारविषयी बोलायचे आहे. गोळीबारानंतर दिल्लीपुढे तीन वाटा होत्या. सैन्य पाठवायचे, गप्प बसायचे, किंवा व्यापार, रेल्वे, टपाल आणि पैसा तोडून पोर्तुगालला नमवायचे. पंडित नेहरूंनी तिसरी वाट धरली. एखादे राज्य माणसांना चिरडत असेल तर दुसऱ्या राज्याने त्याच्याशी देवाणघेवाण तोडावी का, आणि तोडली तर तिची झळ कोणाला लागते, हा आजचा माझा विषय आहे. सेनापतींच्या गावात तो मांडताना मला तो परका वाटत नाही.

गोव्यात तेव्हा नेमके काय चालले होते, ते थोडे सांगतो. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत सभा नाही, पक्ष नाही, वर्तमानपत्राचा प्रत्येक मजकूर सेन्सॉरखालून जायचा. म्हापशाचे डॉक्टर पुंडलिक गायतोंडे हे नावाजलेले सर्जन. फेब्रुवारी १९५४ मध्ये ते एका खाजगी मेजवानीला गेले होते. जेवताना कोणीतरी भाषणात गोवा हा पोर्तुगालचाच भाग असल्याचे म्हणाले. डॉक्टरांनी जागच्या जागी निषेध नोंदवला. सभा नाही, पत्रक नाही, जेवणाच्या टेबलावर उच्चारलेला एक निषेध. तेवढ्यासाठी त्यांना अटक झाली आणि गोव्यातून उचलून लिस्बनला नेण्यात आले. अशा राजवटीशी व्यापार चालू ठेवणे म्हणजे तिच्या तिजोरीत भर घालणे, असे भारत सरकारला वाटले तर त्यात नवल नव्हते.

मग १९५५ मध्ये भारताने राजनैतिक संबंध तोडले. मुरगावहून कॅसलरॉकमार्गे येणारी रेल्वे थांबली. जमिनीवरची हद्द बंद झाली, मालाची ये-जा आटली, पैसे पाठवण्यावर निर्बंध आले. मुंबईत गोव्याच्या गावोगावच्या लोकांच्या 'कूड' नावाच्या सामाईक खोल्या असत. बोटीवरचे खलाशी, हॉटेलांतले आचारी, वाजंत्री अशी माणसे तिथे राहून गावाकडे पैसे धाडत. ते पैसे अडले. सासष्टीतली किंवा बार्देशातली एखादी म्हातारी मुलाच्या मनिऑर्डरवर जगत होती, तिचा सालाझारशी संबंध काय? पण नाकेबंदीची पहिली झळ तिला लागली.

आणि सालाझारला? १९५५ मध्येच दाबोळीला विमानतळ उभा राहिला आणि पोर्तुगीज भारताची स्वतःची विमानसेवा सुरू झाली. समुद्र तर उघडाच होता. बटाटे हॉलंडहून आले, तांदूळ आणि भाज्या पाकिस्तानातून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून, पोलाद बेल्जियममधून. गोव्यातले लोह खनिज जपान आणि पश्चिम जर्मनीकडे जोरात जाऊ लागले, खाणमालक श्रीमंत झाले, बाजारात परदेशी माल ओसंडू लागला. लिस्बनला आधार द्यायला मोठे मित्रही होते. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज परराष्ट्रमंत्र्यांसोबत काढलेल्या निवेदनात गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचा प्रांत म्हणून झाला. सहा वर्षे हे असेच चालले. गोवा सुटला तो १८ आणि १९ डिसेंबर १९६१ या दोन दिवसांत, लष्करी कारवाईने.

यावरून कोणी म्हणेल की निर्बंध निरुपयोगी असतात. माझे मत तसे नाही, आणि त्याचे कारण गोव्याच्या आधी नऊ वर्षे घडलेल्या एका गोष्टीत आहे. तिचा एक धागा आपल्या नगरच्या किल्ल्यात अडकलेला आहे.

नगरचा भुईकोट म्हटले की आपल्याला १९४२ ते १९४५ ची कैद आठवते. नेहरू, वल्लभभाई, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव. नेहरूंनी तिथे १९४४ मध्ये 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, हेही सर्वांना माहीत असते. पण त्याच्याही चाळीस वर्षे आधी इंग्रजांनी नगरला दुसरे कैदी आणले होते: दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धात पकडलेले बोअर शेतकरी. त्या युद्धात इंग्रजांनी बोअरांच्या बायकामुलांना छावण्यांत कोंडले आणि हजारोंनी माणसे तिथे रोगाने मेली. साऱ्या जगाला त्यांची कणव आली. ज्या समाजाने हे भोगले, त्याच समाजाच्या पुढाऱ्यांनी पुढे सत्ता हाती येताच काळ्या आणि हिंदी माणसांवर कायद्यांचे फास आवळले. अन्याय सोसल्याने माणूस न्यायी होतोच असे नाही, हे आपल्या देशानेही विसरू नये. याच युद्धात लढलेल्या बोअर सेनापतींपैकी एक यान स्मट्स. तो १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा पंतप्रधान होता.

१९४३ मध्ये त्या देशाने हिंदी लोकांच्या जमीनखरेदीवर तात्पुरती बंदी घातली, आणि १९४६ मध्ये ती कायमची करणारा कायदा आणला. हिंदी माणसाने कुठे राहायचे, कुठे दुकान घालायचे, कोणाकडून घर विकत घ्यायचे, सगळे रंगावरून ठरणार. तिथल्या हिंदी जनतेने त्याला 'घेट्टो कायदा' म्हटले. १३ जून १९४६ पासून दरबानमध्ये डॉ. युसुफ दादू आणि डॉ. मॉन्टी नायकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि सुमारे दोन हजार माणसे तुरुंगात गेली. आणि हे लक्षात घ्या, की तिथल्या हिंदी लोकांच्या संघटना भारताकडे स्वतः मागत होत्या: आमच्या सरकारशी व्यापार तोडा, तुमचा प्रतिनिधी परत बोलवा.

ही मागणी दिल्लीत मनावर घेणारा माणूस मराठी होता. डॉ. नारायण भास्कर खरे. महाराष्ट्रात आणि काँग्रेसच्या इतिहासात हे नाव प्रेमाने घेतले जात नाही. १९३८ मध्ये मध्यप्रांताच्या पंतप्रधानपदावरून त्यांना जावे लागले, पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, नंतर हिंदुमहासभेत. त्यांच्या पुढच्या राजकारणाशी माझे जराही जुळत नाही. पण श्रेय द्यायचे तिथे ते दिलेच पाहिजे. परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते त्यांच्याकडे होते. दक्षिण आफ्रिका हिंदी माणसाला जी वागणूक देते तीच तिच्या गोऱ्या नागरिकांना भारतात द्यायची, असा 'जशास तसे' कायदा १९४४ च्या नोव्हेंबरात त्यांनी लागू करवला. पुढे मार्च १९४६ मध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेला व्यापारी करार संपवण्याची नोटीस दिली आणि १७ जुलै १९४६ पासून व्यापार पुरता बंद झाला. तिथले आपले हाय कमिशनर होते वऱ्हाडातले बॅरिस्टर रामराव देशमुख. त्यांना माघारी बोलावण्यात आले. एका राज्याच्या वंशभेदी कारभारासाठी दुसऱ्या देशाने त्याच्याशी सगळा व्यापार तोडण्याची आधुनिक जगातली ही पहिली मोठी घटना. ती घडवणारा देश तेव्हा स्वतः पारतंत्र्यात होता.

या बंदीत भारताने काय गमावले ते बघा. दक्षिण आफ्रिकेला आपण जो माल विकत होतो त्यात मोठा वाटा तागाच्या मालाचा होता, म्हणजे पोती आणि बारदान. धान्य भरायला, लोकर बांधायला, साखर पाठवायला पोते लागते. तुम्ही शेतकरी आहात, हंगामात बारदान मिळाले नाही तर खळ्यावर काय अवस्था होते ते मी तुम्हाला सांगायला नको. ही पोती बंगालातून जात. भारताच्या एकूण निर्यातीत दक्षिण आफ्रिकेचा वाटा साधारण साडेपाच टक्के होता. त्या देशाच्या व्यापारात भारताचा वाटा मात्र त्याहून पुष्कळ लहान. हिशेबाने पाहिले तर आपले नुकसान जास्त. शिवाय आपली पोती पुढे तिसऱ्या देशांच्या हातून तिकडे पोचतच राहिली. बंगालचा दुष्काळ नुकताच होऊन गेलेला, महायुद्धाने देश पिळून निघालेला, आणि अशा वेळी आपण आपले गिऱ्हाईक सोडले.

या बंदीने स्मट्सची बाजारपेठ कोसळली नाही. पण तिने त्याच्याकडचे सर्वात मोठे हत्यार काढून घेतले. २२ जून १९४६ रोजी भारताने संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार दाखल केली. वर्षाअखेरीस विजयालक्ष्मी पंडित शिष्टमंडळ घेऊन न्यूयॉर्कला गेल्या. त्यांच्यासोबत न्यायमूर्ती छागला होते, कृष्ण मेनन होते. स्मट्सचे ते हत्यार म्हणजे एकच म्हणणे: हा आमच्या घरातला प्रश्न आहे, बाहेरच्यांनी त्यात पडू नये. हे तोच माणूस सांगत होता ज्याने वर्षभरापूर्वी संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची प्रस्तावना लिहिण्यात मोठा वाटा उचलला होता, आणि त्या प्रस्तावनेत मूलभूत मानवी हक्कांवरची श्रद्धा नोंदवलेली आहे. भारताने बोलण्याआधी स्वतःचा व्यापार तोडला होता, म्हणून त्याच्या बोलण्याला वजन आले. ८ डिसेंबर १९४६ रोजी ठराव मंजूर झाला. बाजूने ३२, विरुद्ध १५, तटस्थ ७. कोणत्याही राज्याला आपल्या हद्दीतल्या माणसांशी हवे तसे वागण्याची मुभा नाही, हे त्या मतदानाने जगाच्या दप्तरी लागले.

पुढचा प्रवास लांबचा आहे, तो मी भराभर सांगतो. १९५४ मध्ये भारताने तिथली आपली कचेरीच बंद केली. भारतीय पासपोर्टवर दक्षिण आफ्रिका वगळून, असा शिक्का पडू लागला. १९५९ मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष अल्बर्ट लुथुली यांनी जगाला बहिष्काराचे आवाहन केले, आणि याचा त्रास आमच्याच माणसांना होणार, तो सोसायला आम्ही तयार आहोत, असेही सांगितले. १९७७ मध्ये सुरक्षा परिषदेने शस्त्रबंदी सक्तीची केली. १९८५ मध्ये अमेरिकी बँकांनी कर्जे पुढे चालवायला नकार दिला तेव्हा प्रिटोरियाच्या पायाखालची जमीन खरी सरकली. १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार ओलांडून अमेरिकी काँग्रेसने निर्बंधांचा कायदा केला. ११ फेब्रुवारी १९९० रोजी मंडेला सुटले. भारताची व्यापारबंदी उठली १९९३ मध्ये. १९४६ पासून मोजली तर ४७ वर्षे.

यातली १९७४ ची एक घटना तरुण श्रोत्यांसाठी सांगतो. त्या वर्षी भारताचा टेनिस संघ डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत पोचला होता. विजय आणि आनंद अमृतराज भरात होते. समोर दक्षिण आफ्रिका. भारताने खेळायला नकार दिला आणि करंडक न खेळता त्यांना देऊन टाकला. त्यानंतर पन्नास वर्षे होऊन गेली, डेव्हिस कप अजून भारताच्या हाती आलेला नाही. त्या खेळाडूंनी आपल्या उमेदीतली सर्वात मोठी संधी देशाच्या शब्दासाठी सोडली. निर्बंध काय असतो हे मला कोणी विचारले तर मी हे उदाहरण सांगतो.

आता गोवा आणि दक्षिण आफ्रिका शेजारी ठेवून पाहा. दोन्ही वेळा सरकार आपलेच, हेतू चांगला. दक्षिण आफ्रिकेच्या वेळी दबलेल्या माणसांनी स्वतः बंदी मागितली होती आणि पहिली तोशीस आपण घेतली होती. गोव्याच्या वेळी स्वातंत्र्यसैनिकांचा पाठिंबा होता, पण ज्यांचे पैसे अडले त्या घरांना कोणी विचारले नव्हते, आणि बंदीचा भार त्यांच्यावर पडला. समुद्र उघडा असल्याने ज्याला दुखवायचे होते तो मोकळाच राहिला. म्हणून मी निर्बंधाला दोन प्रश्न विचारतो. तो कोणी मागितला? आणि त्याची किंमत आधी कोण मोजणार?

सरकारने व्यापार अडवला की काय होते, हे नगर जिल्ह्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. ती कोणा परदेशी सरकारला धडा शिकवायला नव्हती, शहरातले भाव आटोक्यात ठेवायला होती. मे २०२४ पर्यंत ती चालली. घोडेगावच्या, पारनेरच्या, नगरच्या बाजार समितीत त्या हिवाळ्यात ज्यांनी गाडी उभी केली होती, त्यांना विचारा. दिल्लीत एक सही झाली आणि बांधावरच्या माणसाचा वर्षाचा हिशेब विस्कटला. परक्या देशावर निर्बंध घाला अशी घोषणा देताना त्या देशातही असाच बांधावरचा माणूस आहे, हे आपल्याला इतरांपेक्षा लवकर उमगले पाहिजे.

इराकच्या बाबतीत जगाला हे उमगले नाही. कुवेतवरच्या आक्रमणानंतर ऑगस्ट १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी इराकवर सर्वंकष निर्बंध लादले आणि २००३ पर्यंत ते चालले. हुकूमशहा सद्दाम हुसेनचे राजवाडे उठतच राहिले, दवाखान्यांत औषधे नव्हती. संयुक्त राष्ट्रांचे तिथले मदतकार्य पाहणारे डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये राजीनामा दिला, त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन स्पोनेक यांनीही २००० मध्ये तेच केले. आपल्या हातून काय घडते आहे हे पाहून पद सोडणारे हे दोघे अधिकारी मला फार मोठे वाटतात. त्या अनुभवातून जगाने थोडा धडा घेतला. आता अत्याचार करणाऱ्या अधिकाऱ्याची, सेनापतीची, त्याच्या कंपनीची परदेशातली खाती गोठवायची, त्याला व्हिसा द्यायचा नाही, अशी रीत पडली आहे. अमेरिकेने २०१६ मध्ये, ब्रिटन आणि युरोपीय संघाने २०२० मध्ये तसे कायदे आणि नियम केले. बाण निदान योग्य दिशेला वळला आहे. मात्र मित्रदेशाच्या सेनापतीवर तो सहसा सुटत नाही, हेही खरे.

यापुढची गोष्ट ऐकायला कडू आहे, पण सेनापतींच्या नावाने उभा राहून मी ती टाळणार नाही. दक्षिण आफ्रिकेचे प्रतिनिधी वर्षानुवर्षे भारताला एकच उलट सवाल करत: तुमच्या गावाबाहेरच्या वस्त्यांचे काय? विचारणाऱ्याचा हेतू वाईट होता, पण सवाल खोटा नव्हता. त्याचे उत्तर आपण १९५० मध्ये राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने दिले, अस्पृश्यता नष्ट केली. कागदावर दिले. याच जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातल्या सोनईत जानेवारी २०१३ मध्ये तीन दलित तरुणांची हत्या झाली. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात एप्रिल २०१४ मध्ये एका शाळकरी दलित मुलाला मारले गेले. आमच्या गावचे आम्ही बघू, बाहेरच्यांनी नाक खुपसू नये, असे अशा वेळी बोलले जाते. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला स्मट्स याहून वेगळे काय बोलत होता?

आणि देवाणघेवाण तोडण्याचे हत्यार आपल्या गावांनी दुबळ्यांवर किती वापरले आहे! चूल बंद, पिठाची गिरणी बंद, किराणा बंद, विहीर बंद, मयताला खांदा बंद. जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या हालांपायी महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. तो जुलै २०१७ पासून लागू आहे. बलिष्ठांनी दुबळ्याशी व्यवहार तोडणे हा गुन्हा आहे, दुबळ्यांच्या हाकेला ओ देऊन बलिष्ठाशी व्यवहार तोडणे हे कर्तव्य आहे. भारताने जगाला दुसरी गोष्ट शिकवली. पहिली थांबवण्याचे काम मात्र घरात अजून अर्धे पडून आहे, आणि जोवर ते पुरे होत नाही तोवर जगात आपला शब्द तेवढाच हलका पडेल.

अर्धे आहे म्हणून गप्प बसायचे का? हा युक्तिवाद अलीकडे फार ऐकू येतो, आणि मी तो साफ नाकारतो. १९४६ मध्ये तर आपले घर आजच्यापेक्षा कितीतरी वाईट होते. तरी आपण बोललो, आणि बोललो म्हणूनच उलट सवाल ऐकावा लागला, आणि तो ऐकल्याने आपली लाज जागी राहिली.

आज आपले सरकार म्हणते की संयुक्त राष्ट्रांनी लावलेले निर्बंधच आम्ही मानतो, एकेका देशाने लावलेले मानत नाही. इराकचा अनुभव पाहता या धोरणात अर्थ आहे. बडी राष्ट्रे निर्बंध स्वतःच्या सोयीने लावतात आणि झळ आपल्यासारख्यांना बसते, हेही खरे. पण हे धोरण आडोसा कधी होते ते म्यानमारकडे पाहून कळते. १ फेब्रुवारी २०२१ रोजी तिथल्या लष्कराने निवडून आलेल्यांना तुरुंगात टाकून सत्ता बळकावली. मग रस्त्यांवर गोळीबार, खेड्यांवर विमानातून बॉम्ब. हजारो माणसे सरहद्द ओलांडून मिझोरामात आली आणि तिथल्या साध्या लोकांनी त्यांना आपल्या घरांत, चर्चमध्ये आसरा दिला. त्या जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव आला, त्यात म्यानमारकडे जाणारी शस्त्रे रोखण्याचे आवाहन होते. ११९ देशांनी बाजूने मत दिले. भारत तटस्थ राहिलेल्या ३६ देशांत होता. ठराव घाईने आणला, शेजाऱ्यांशी पुरेसा विचारविनिमय केला नाही, असे आपले म्हणणे होते. ती तारीख होती १८ जून, म्हणजे १९४६ मध्ये मडगावात डॉ. लोहियांनी सभाबंदी मोडली तो दिवस, गोव्याचा क्रांतिदिन.

पुढे मे २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी अहवाल दिला. सत्ता बळकावल्यानंतर म्यानमारच्या लष्कराला कोणकोणत्या देशांतून शस्त्रे आणि युद्धसाहित्य गेले, त्याचा हिशेब त्यात आहे. रशिया, चीन आणि सिंगापूरचे आकडे मोठे आहेत. भारताच्या नावावर ५ कोटी १० लाख डॉलरचा माल आहे, आणि पुरवठादारांत सरकारी मालकीची कंपनीही आहे. ईशान्येतले बंडखोर, चीनचा वाढता वावर, सोळाशे किलोमीटरहून लांब सरहद्द, या आपल्या अडचणी खऱ्या आहेत. मी त्या हलक्या लेखत नाही. पण माझे दोन प्रश्न इथे लावून पाहा. शस्त्रबंदी कोणी मागितली? म्यानमारच्या लोकांनी, पुन्हा पुन्हा. किंमत कोण मोजणार? आपण, आणि तीही थोडी. शस्त्र विकणे थांबवल्याने तिथल्या कोणाच्या ताटातला भात कमी होत नाही, कोणा म्हातारीची मनिऑर्डर अडत नाही.

१९४६ मध्ये हाती सत्ता नसलेल्या, भुकेल्या देशाला साडेपाच टक्के निर्यात सोडणे परवडले होते. आजच्या भारताला पाच कोटी डॉलरची शस्त्रविक्री सोडणे न परवडण्याचे एकही कारण मला दिसत नाही.

म्हणून पारनेरकरांना माझी एक विनंती आहे. इथल्या आमदार-खासदारांना आपण रस्ते, पाणी आणि कांद्याच्या भावाबद्दल विचारतो, विचारलेच पाहिजे. खासदारांना लिहाल त्या पत्रात एक ओळ वाढवा: म्यानमारच्या लष्कराला भारतातून शस्त्रे जाऊ नयेत यासाठी तुम्ही संसदेत काय बोलणार आहात? उत्तर आले नाही तर पुन्हा लिहा. ग्रामसभेत ठराव करता आला तर करा, महाविद्यालयातल्या मुलांनी सह्या गोळा कराव्यात. आणि कोणी म्हणाले की पारनेरचा आणि म्यानमारचा काय संबंध, तर त्यांना सांगा की या गावचा एक माणूस पंचाहत्तराव्या वर्षात गोव्याच्या हद्दीत शिरला होता, तेव्हा पारनेरचा आणि गोव्याचा जेवढा संबंध होता तेवढाच.